रशियन बिल्ले

मी आणि माझा मित्र तेव्हा चौथीत होतो. भिलाईच्या सेक्टर १० मधल्या एकाच ब्लॉकमध्ये आमची क्वार्टरं होती. आम्ही खाली, ते वर. माझे वडील नागपूरकडचे, रेल्वेतल्या घराण्यातले. पोलादाचा प्लांट उभा राहत होता तेव्हा आतल्या रुळांवरचं इंजिन चालवायला म्हणून ते इकडे आले आणि इकडचेच झाले. मित्राचे वडील आंध्रातून आले होते. तो घरात तेलुगू बोलायचा, मी मराठी, आणि जिन्यात भेटलो की दोघांची हिंदी सुरू व्हायची.

त्या काळी भिलाईत रशियन पुष्कळ दिसत. प्लांट त्यांच्या मदतीनं उभा राहिला हे शाळेत शिकवलं जायचं, पण आम्हा पोरांसाठी रशियन म्हणजे बाजारात भाजी घेणाऱ्या, फुलाफुलांचे फ्रॉक घातलेल्या गोऱ्या बाया. 'कितना' एवढा एकच हिंदी शब्द त्यांना यायचा, बाकीचा भाव त्या बोटांवर करत. एका उन्हाळ्यात अशाच एका बाईची पिशवी बाजारातच फाटली आणि बटाटे रस्ताभर घरंगळले. आम्ही दोघांनी ते गोळा केले, शर्टाच्या ओच्यात धरले आणि तिच्या मागोमाग चालत तिच्या घरी पोचवले. तिनं आम्हाला पायरीवर बसवलं, आत गेली, आणि बाहेर येऊन माझ्या मित्राच्या शर्टाला एक बिल्ला लावला. मागे टाचणी असलेला, अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा. त्यावर एक कोंबडी होती. पांढरं अंग, लाल तुरा, पिवळी चोच. बाईकडे बहुतेक तो एकच असावा. मला तिनं गालावर थोपटलं आणि बिस्किट दिलं.

घरी येईपर्यंत मी त्याच्यापासून दहा पावलं पुढं चालत राहिलो. ब्लॉकच्या जिन्यापाशी त्यानं बिल्ला काढला, माझ्या शर्टाला लावला आणि म्हणाला, "दिवाली तक तेरे पास. फिर मेरे पास."

तिथून आमचा बिल्ल्यांचा नाद सुरू झाला. रशियन लोकांकडे असे बिल्ले ढिगानं असत. त्यांच्या देशात गावागावाचा वेगळा बिल्ला निघायचा, खेळांचा निघायचा, कारखान्यांचा, जहाजांचा, अंतराळयानांचा. ते त्याला झ्नाचोक म्हणत, आम्ही बिल्लाच म्हणायचो. फुकट मागायला लाज वाटायची, म्हणून आम्ही बदल्यात काही ना काही द्यायचो. मोरपीस, जुनं भोकाचं नाणं, कधी काचेच्या बांगड्या. बांगड्या रशियन बायांना फार आवडत. मित्राची आई बिचारी, आपल्या बांगड्या डब्यातून कमी कशा होतात याचा शोध घेत राहिली आणि तिला तो शेवटपर्यंत लागला नाही.

आमच्या वयाची बरीच पोरं बिल्ले जमवत. मैदानावर अदलाबदल चाले, त्यावरून मारामाऱ्या होत. मग पोरं मोठी झाली आणि बहुतेकांचे बिल्ले घरातल्या खोक्यांतून हरवले. आम्हा दोघांचं तसं झालं नाही. आम्ही दोघंही प्लांटमध्ये लागलो, तो ब्लास्ट फर्नेसला, मी रेल मिलमध्ये. तिथं रशियन तज्ज्ञांबरोबर काम करायला मिळालं. परत जाताना ते आम्हाला आठवणीनं बिल्ले देऊन जात. पुढं त्यांचा देशच फुटला, त्यांचं येणं कमी झालं, आणि आमच्याकडचे बिल्ले नवे मिळण्यासारखे राहिले नाहीत. मग आम्ही ते जास्तच जपू लागलो. तो गावांचे बिल्ले जमवायचा, मी प्राण्यांचे आणि अंतराळाचे. एकमेकांच्या हद्दीत जायचं नाही, असं न बोलता ठरलेलं होतं. कोंबडी मात्र दोघांची. ती दर दिवाळीला घर बदलायची. आमची लग्नं झाली, मुलं झाली, तरी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी तो किंवा मी फराळाच्या ताटात कोंबडी ठेवून एकमेकांकडे जायचो. आमच्या बायका हसायच्या. नंतर नंतर त्याच आठवण करून देऊ लागल्या.

निवृत्त झाल्यावर मी दुर्गच्या बोरसीत घर बांधलं. त्यानं सेक्टर १० मधलंच क्वार्टर लीजवर ठेवलं. माझ्या घरात पुढच्या खोलीची एक भिंत मी बिल्ल्यांसाठी सोडली होती. लाकडी चौकटींत मरून रंगाचं जाड कापड ताणून घेतलं आणि त्यावर बिल्ले लावले. त्याच्याकडे तशाच चौकटी होत्या, फक्त कापड हिरवं. दर रविवारी मी स्कूटरनं त्याच्याकडे जायचो. चौकट खाली उतरवून आम्ही एकेक बिल्ला सुती कापडानं पुसायचो. कुठल्या टाचणीला गंज चढतोय का ते बघायचो. पावसाळ्यात तर फार जपावं लागे. त्याची बायको, माझ्या भाभी, इडल्या आणून ठेवायच्या आणि त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणायच्या, "पहले हाथ धोओ."

पूर्वी, नोकरीत असताना, एकदा एका शाळेनं आम्हाला प्रदर्शन लावायला बोलावलं होतं. तेव्हा माझा मुलगा शाळेत होता. पोरांची इतकी गर्दी झाली की मास्तरांना रांग लावावी लागली. मुलगा टेबलापाशी उभा राहून सगळ्यांना सांगत होता, हे जहाज कोणतं, हे यान कोणतं. त्याला सगळं पाठ होतं. नंतर कधीतरी एका शाळेत आम्ही आपणहून गेलो. तिथल्या बाईंनी सौजन्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मुलांना याचा प्रोजेक्टला काही उपयोग होईल असं दिसत नाही. आम्ही चौकटी परत रिक्षात चढवल्या. वाटेत मित्र म्हणाला, परीक्षा जवळ आल्या असतील. तेव्हा ऑगस्ट महिना होता.

मित्र गेला तो अगदी साधा गेला. सकाळी फिरून आला, चहाचा कप हातात घेतला आणि खुर्चीतच मान टाकली. भाभींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या दाढीनिशी तसाच स्कूटर काढून गेलो. पुढचे दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. माझ्या भावांपेक्षा जास्त वर्षं मी त्याच्याबरोबर काढली होती.

त्याचा मुलगा हैदराबादहून आला होता. पोरगा चांगला, आईवर जीव असलेला. त्यानं ठरवलं की आईला एकटं ठेवायचं नाही, क्वार्टर सोडून द्यायचं. तेरवी आटोपली आणि सामान आवरायला सुरुवात झाली. तो मला म्हणाला, अंकल, एकदा येऊन जा. मी गेलो तर व्हरांड्यात सगळं मांडलेलं. काही नेण्याचं, काही वाटून टाकण्याचं. हिरव्या कापडाच्या चौकटी भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, आणि त्या रिकाम्या होत्या.

मला वाटलं, बिल्ले नीट बांधून ठेवले असतील. मुलानं आतून प्लास्टिकची एक मोठी बरणी आणली, लोणच्याची असते तशी. त्यात सगळे बिल्ले भरले होते. गावं, नद्या, किल्ले, सगळी एकमेकांत अडकलेली, टाचण्या वाकलेल्या, काहींवरची मिन्याची कड उडालेली.

"अंकल, ये आप रख लो," तो म्हणाला. "फ्लैट में जगह नहीं है. और सच बोलूँ तो मुझे समझ ही नहीं आता इनका क्या करूँ."

त्यात कुठं उर्मटपणा नव्हता. माझ्या हातात बरणी देताना त्याचे डोळे भरले होते. बापाची वस्तू बापाच्या मित्राकडे जातेय, याचं त्याला बरंच वाटत असावं. मी बरणी घेतली. मित्रानं कुठल्या नदीच्या काठी कुठलं गाव आहे हे नकाशात बघून बघून तो क्रम लावला होता. तो क्रम आता कुणालाच माहीत नव्हता. मलाही नाही, कारण ती त्याची हद्द होती.

मी निघालो तेव्हा भाभी फाटकापर्यंत आल्या. एवढंच म्हणाल्या, "मुर्गी भी उसी में है, भैया. इस साल हमारे यहाँ थी ना."

घरी येऊन मी बरणी वर्तमानपत्रावर रिकामी केली. बायको शेजारी बसली. आम्ही दोघांनी एकेक बिल्ला सोडवायला घेतला. पुष्कळ वेळानं कोंबडी सापडली. तिला काही झालं नव्हतं. मी ती पुसली आणि माझ्या भिंतीवर लावली. मित्राचे बाकीचे बिल्ले क्रमाशिवाय लावायला मन होईना, ते एका डब्यात ठेवले. त्या वर्षीची दिवाळी आली, लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस आला, बायकोनं फराळाचं ताट भरलं आणि ते हातात धरून स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहिली. मग तिनं ते झाकून ठेवलं.

त्याच सुमारास तिनं मला पहिल्यांदा विचारलं. भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "आपल्या मागं हे कोण पाहीन जी?"

मी म्हटलं, पाहीन कोणीतरी. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात बसला. आता घरात दोघांचे बिल्ले होते. मी गेलो की हे सगळं पुन्हा एका बरणीत भरलं जाणार, हे मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

आमची नात पुण्याला असते, मुलाची मुलगी. उन्हाळ्याच्या सुट्टीत आली होती. मी तिला भिंतीपाशी नेलं. पोरगी गुणी आहे, तिनं सगळं ऐकून घेतलं. मी तिला अस्वल दाखवलं, कोल्हा दाखवला, काटेरी साळिंदर दाखवलं. मग तिनं विचारलं, "आबा, पण हे करतात काय?"

मी म्हटलं, "काही करत नाहीत बेटा. पाहायचे."

ती खरंच पाहत राहिली थोडा वेळ. मग 'छान आहे' म्हणाली. पाहुण्यांच्या घरी बोलतात त्या आवाजात. तिला तिच्या आईनं तसं शिकवलं असणार, आणि चांगलंच शिकवलं आहे. मग ती मोबाइल घेऊन बाजेवर जाऊन पडली. तिच्या मोबाइलमधल्या खेळातही काही वस्तू जमवाव्या लागतात, टोप्या, तलवारी, पंख. त्या तिनं मला हौसेनं दाखवल्या. मला त्यातलं काही कळलं नाही. मी पण 'छान आहे' म्हणालो.

मग एक दिवस असा आला की मला वाटलं, आता मार्ग सापडला. माझ्या हाताखाली शिकलेला एक इंजिनियर अजून प्लांटमध्ये आहे. त्याचा फोन आला की कुठल्याशा मशीनच्या कामासाठी रशियाहून एक तरुण पोरगा आला आहे, महिनाभर राहणार आहे. मी म्हटलं, त्याला घरी चहाला घेऊन ये. मला रात्रभर झोप आली नाही. इतकी वर्षं झाली, त्यांची वस्तू त्यांच्या हातात द्यायची, याच्याहून चांगलं काय असणार! बायकोनं मिरची न घालता पोहे केले. मी चौकटी पुसून लख्ख केल्या, नवा सदरा घातला.

पोरगा आला. दाढी राखलेला, हसरा, वयानं माझ्या मुलाहून बराच लहान. हिंदी त्याला येत नव्हती आणि इंग्रजी माझ्यासारखीच मोडकी. तो मोबाइलमध्ये रशियनमध्ये बोलायचा आणि मोबाइल बाईच्या आवाजात हिंदीतून सांगायचा. भिंत बघून तो मोठ्यानं हसला, खूश होऊन. त्यानं फोटो काढले. मी त्याला एकेक दाखवत गेलो. हा माझ्या फोरमननं दिला, हा एका डॉक्टरीणबाईंनी, हे यान अमुक साली उडालं. तो मान हलवत होता. शेवटी तो मोबाइलमध्ये काहीतरी बोलला, आणि ती बाई आमच्या खोलीत म्हणाली, "मेरी दादी के पास भी ऐसे बहुत थे. घर बेचते समय हमने फेंक दिए."

इंजिनियर माझ्याकडे बघत होता. मी मोबाइल जवळ घेतला आणि म्हटलं, यातले तुला हवे तेवढे घेऊन जा. सगळे घे. पोरानं ते ऐकलं आणि हात जोडून नको नको म्हणाला. बॅगेचं वजन, विमान, असं काहीतरी. इंजिनियरनं त्याला हळूच सांगितलं असावं की म्हाताऱ्याचं मन राख, एखादा घे. मग तो उठला, भिंतीवरून नजर फिरवली आणि बोट ठेवलं ते कोंबडीवर.

माझा हात थांबला. बायको दारात उभी होती, तिनं पदर तोंडाशी धरला. पण मी पाहुण्याला 'ही नको' कसं म्हणणार? मी कोंबडी काढली, त्याच्या तळहातावर ठेवली. मनाशी म्हटलं, जाऊ दे, आपल्या घरी चालली आहे.

त्यानं आभार मानले, पोहे खाल्ले, चहा प्याला, जाताना माझ्या बायकोपुढं वाकून नमस्कार केला. गाडी वळणापलीकडे गेली. मी फाटकापाशीच उभा होतो, तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला. "अहो, कोंबडी इथंच राहिली."

मी आत येऊन पाहिलं, बशीच्या बाजूला पडली होती. तो विसरला होता. मला हायसं वाटलं, आणि तेवढ्याच जोरानं आत काहीतरी तुटलं. मी तिथंच टीपॉयवर बसलो. संध्याकाळी इंजिनियरचा फोन आला, म्हणाला, सर, बहुत खुश था, घरी फोटो पाठवला त्यानं. कोंबडीबद्दल मी काही बोललो नाही. ती मग मी चष्म्याच्या डबीत ठेवली. भिंतीवर परत लावली नाही.

तरी मी हरलो नव्हतो. मला वाटलं, आपण उगाच एक वारस शोधतोय. सगळे बिल्ले एकानं कशाला घ्यायला हवेत? पोरं पुष्कळ आहेत, प्रत्येकाकडे एकेक जाऊ दे. त्यातल्या एखाद्याला नाद लागला तरी पुरे. आम्हालाही एकाच कोंबडीनं नाद लागला होता.

दुर्गच्या आमच्या मराठी मंडळाचा गणपती बसतो. मंडळाच्या लोकांना विचारून मी मांडवात प्रसादाच्या टेबलाशेजारी एक लहान टेबल लावलं. ज्यांची जोडी होती, म्हणजे माझ्याकडे एकासारखे दोन होते, तेवढे नेले. आरती झाली आणि पोरांचा गराडा पडला. फुकट म्हटल्यावर पडणारच, पण मला त्या वेळी ते सुचलं नाही. मी एकेकाच्या शर्टाला बिल्ला लावत होतो. कोणाला मासा हवा होता, कोणाला रॉकेट. एक पोट्टं दोनदा रांगेत आलं. आया म्हणत होत्या, "आजोबांना थँक्यू म्हण." टेबल रिकामं झालं. परत येताना स्कूटरवर मी बायकोला सांगत होतो, पाहिलं का, पोरांना आवडते, आपणच कुलपात ठेवून बसलो होतो. ती मागं बसून हो हो म्हणत होती. त्या दिवशी मी मित्राची मनातल्या मनात फार आठवण काढली. त्याला सांगायला हवं होतं असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या आरतीला आम्ही लवकर पोचलो. मांडवात अजून कुणी नव्हतं. सतरंज्यांवर काहीतरी चमकत होतं. मी वाकून पाहिलं तर मासा होता. थोडं पुढं रॉकेट. खांबापाशी, बुटांच्या जागी, खुर्च्यांखाली. एक तर पंचामृताच्या द्रोणात पडला होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या. काहींच्या टाचण्या सरळ वर उभ्या होत्या.

बायको खाली बसली. पदराची झोळी केली आणि गुडघे दुखत असताना सतरंजीवर सरकत सरकत एकेक वेचत गेली. आरतीला लोक अनवाणी येतील, कुणाच्या पायात जायला नको, एवढंच म्हणाली. मीही वेचायला लागलो.

लोक येऊ लागले. एक तरुण बाई पोराला कडेवर घेऊन माझ्याकडे आली. पोराच्या पायाला पट्टी होती. ती भांडायला आली नव्हती. दमलेली दिसत होती. "काका, काल याच्या पायात पिन गेली. इंजेक्शन द्यायला लागलं ना. आप ऐसी चीज बच्चों को मत दिया करो, प्लीज."

मी तिची माफी मागितली. पोराच्या डोक्यावरून हात फिरवायला गेलो तर त्यानं तोंड फिरवलं. पदरात वेचलेले बिल्ले घेऊन आम्ही आरतीला थांबलो. टाळ्या वाजवायला माझे हात उठत नव्हते.

त्यानंतर बरेच आठवडे मी भिंतीकडे पाहिलं नाही. पुसणंही बंद केलं. पुढच्या खोलीत बसायचं झालं तर खुर्ची दाराकडे फिरवून बसायचो. बायकोच्या लक्षात आलं होतं, पण तिनं विषय काढला नाही. एकदा मी बाहेरून आलो तर ती स्टुलावर चढून चौकटी पुसत होती. मला पाहून खाली उतरली आणि फडकं मोरीत टाकून आली.

दिवाळीला मुलगा आला, एकटाच. सुनेला सुट्टी नव्हती आणि नातीचे क्लास होते. भाऊबीज झाली त्या दिवशी दुपारी जेवणं उरकून आम्ही दोघं पुढच्या खोलीत बसलो होतो. मी मनाशी ठरवून ठेवलं होतं की याला सरळ विचारायचं.

"मी गेल्यावर तू याचं काय करशीन?"

तो दचकला. म्हणाला, "बाबा, कावून असं बोलून राहिले?"

"विचारतो. खरं सांग. मले राग येणार नाही."

त्याची नजर भिंतीवर फिरत होती. माझा मुलगा खोटं बोलत नाही, लहानपणापासून नाही. मला तेव्हा वाटलं, या एका वेळेला बोलला असता तर चाललं असतं.

"ठेवीन काही दिवस," तो म्हणाला. "तुमची आठवण म्हणून. पर बाबा, तिकडं भिंतच नाही ना एवढी. मग... मले माहीत नाही. कुठंतरी पेटीत राहीन. आणि मग तुमच्या नातीला एक दिवस ती पेटी उचलावी लागन. तिले तर हेही माहीत नसन की हे काय आहे." थोडं थांबून म्हणाला, "ऑनलाइन घेणारे असतात म्हणे. विचारू का?"

मी नको म्हटलं. त्याला वाईट वाटलं असावं, कारण तो उठून माझ्याजवळ येऊन बसला. मी त्याला म्हणालो की तू बरोबर बोलला. आणि मला ते खरंच बरोबर वाटत होतं. मित्राच्या मुलाच्या हातातली ती बरणी मला आठवत होती. आपल्या पोराला ते काम करायला लावायचं नाही, एवढं मला त्या क्षणी पक्कं कळलं. ते आपल्याच हातानं करायचं, नीट करायचं, एकाही टाचणीला वाक न येता.

"चल मग," मी म्हटलं. "तू आहेस तोवर काढून घेऊ."

"आज?"

"आजच."

बायकोनं माळ्यावरून तिच्या लग्नातली पत्र्याची पेटी काढायला लावली. तिनं ती पुसली, तळाशी जुनं सुती लुगडं घडी करून घातलं, त्यावर मित्राच्या बिल्ल्यांचा डबा ठेवला, आणि वर्तमानपत्राचे चौकोन कापत बसली. मुलगा स्टुलावर चढला आणि चौकटी एकेक करून खाली दिल्या. आम्ही दोघं जमिनीवर मांडी घालून बसलो. मी बिल्ला काढायचा, टाचणी बंद करायची, त्यानं तो कागदात गुंडाळायचा, बायकोनं पेटीत रचायचा. बिल्ला निघाला की कापडावर त्याच्या आकाराचा डाग राहायचा, मूळच्या गडद मरून रंगाचा. बाकी सगळं कापड उन्हानं विटलं होतं, ते मला तोवर दिसलंच नव्हतं.

बाहेर शेजाऱ्यांची पोरं उरलेले फटाके उडवत होती. प्राण्यांची चौकट संपली. मी अंतराळाची घेतली. वरच्या ओळीत एक बिल्ला आहे, निळ्या मिन्यावर एका कुत्रीचं तोंड, कान टवकारलेले, मागे तारे. तो मी मुलाच्या हातात दिला. त्यानं तो लगेच गुंडाळला नाही.

"ही अंतराळात गेली होती ना?" तो म्हणाला. "सगळ्यांत पहिली."

"हो."

"शाळेच्या प्रदर्शनात मी सगळ्यांले सांगत होतो. गेली आणि परत आली म्हणून."

मी दुसऱ्या बिल्ल्याची टाचणी सोडवत होतो. "नाही आली परत," मी म्हटलं. "ती वरच मेली. तुले तसं सांगितलं होतं, कारण तू लहान होता. रडला असता."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या बिल्ल्याकडे. अंगठ्यानं तिच्या नाकावरून हलकेच घासलं, आम्ही पुसायचो तसं. बायकोची कात्री थांबली होती. मी मान खाली घालून बसलो होतो, पण माझं सगळं लक्ष त्याच्या हाताकडे होतं. मला वाटत होतं की आता तो ती खिशात टाकेल.

त्यानं कागदाचा चौकोन घेतला, कुत्रीला त्यात नीट गुंडाळलं, कडा दाबून बसवल्या आणि पुडी आईच्या हातात दिली. मग पुढच्या बिल्ल्यासाठी माझ्यापुढं हात केला.